पाण्यातली मोहबोडी

भद्रावतीच्या बसस्टँडसमोर गफ्फारभाईचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच दुकानात मधे प्लायवूडची भिंत घालून त्याच्या बायकोचा, जमीलाबाईचा, फोटो स्टुडिओ. बाहेर पाटी एकच, ‘गफ्फार वॉच अँड फोटो’. फोटो काढायची जमीला आणि पाटी गफ्फारची. याचं मला काही वाटत नाही, असं ती येईल त्याला सांगायची. साफ खोटं. रोज शटर वर करताना तिची नजर त्या पाटीवर जायची आणि कपाळावर आठी पडायची ती पहिल्या चहापर्यंत उतरायची नाही.

ती फोटोवाली झाली ती बायकांमुळे. नणंदेच्या निकाहात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको, म्हणून सासूनं कॅमेरा हिच्या हातात दिला. छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये तेहतीस चांगले निघाले. मग काय, गावातल्या मुसलमान घरांत बायकांच्या बाजूला जमीला ठरलेलीच. पुढे आयुध निर्माणीच्या कॉलनीतून बोलावणं येऊ लागलं, मग आजूबाजूच्या खेड्यांतून. नवरीला हळद लावायच्या वेळी बाप्या माणूस कॅमेरा घेऊन समोर उभा राहण्यापेक्षा बाई बरी, हे हिंदू बायकांनाही पटलं होतं. तिच्यासमोर म्हाताऱ्यासुद्धा पदर सैल सोडून, दात नसलेलं तोंड उघडून हसायच्या. असे फोटो चंद्रपूरच्या मोठ्या स्टुडिओवाल्यांना जन्मात मिळाले नाहीत.

घरात नवरा-बायको हिंदीत बोलायचे. पण भांडण खरंखुरं पेटलं की दोघंही मराठीवर यायचे, कारण दोघंही इथलीच, वर्गातल्या पोरांशी मराठीतून भांडतच मोठी झालेली. शेजाऱ्यांना यावरून कळायचं की आज मामला गंभीर आहे. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी महिनाभर मराठीच ऐकली.

दिवाळी झाली आणि एक दिवस गुणाबाई दुकानात आली. मोहबोडीची गुणाबाई. साठीच्या पुढची, काटक, पायात नवऱ्याच्या चपला. तिच्या मुलीच्या, मयुरीच्या, लग्नात जमीलानं फोटो काढले होते, तेवढी ओळख.

“जमीलाबाई, आमचं गाव उठून राह्यलं,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “तुमी एक फोटो काढून द्या.”

मोहबोडी उठणार हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. खाण गावाच्या कुशीपर्यंत आली होती. सडकेच्या पलीकडे नवी वसाहत बांधून झाली होती, सारख्या मापाची घरं, प्रत्येक घराला नंबर.

“घराचा काढायचा?” जमीलानं विचारलं.

“घराचा काहाले? घर तं पडकं हाय. गावाचा पायजे. पाण्यातल्या गावाचा.”

जमीलाला वाटलं, म्हातारी काहीतरी भलतंच बोलते आहे. पण गुणाबाईनं स्टुलावर बैठक मारली आणि सांगायला लागली.

“मी चौदा वर्साची सून होऊन आली. सासरा, भासरे, चुलत सासरे, सप्पा गाव मोठ्याईचं. मान वर कराची सोय नव्हती मले. पदर हा इथवर. मंग तलावावर धुणं धुवाले गेली का पाण्यात पाहो. गाव समोरच हाय नं तलावाच्या. कोणाचं घर कुठी, कोणाच्या दारात बैल बांधले, कोण ओट्यावर बसला, सप्पा पाण्यात दिसे. सासऱ्याचं तोंड मी पह्यले पाण्यात पाह्यलं. वरतं पाहाले सहा वर्स लागले, बाई! आता तुमीच सांगा, माहं गाव कोणतं?”

  बायकांच्या बाजूला पंधरा वर्षं उभी राहिलेली बाई जमीला, तिला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“काढून देते,” ती म्हणाली. “तुमच्या पाण्यातल्या गावाचा फोटो मी काढून देते.”

शब्द दिला आणि इथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

दुसऱ्याच दिवशी ती मोहबोडीला गेली. नवा डिजिटल कॅमेरा होता, नवा म्हणजे तिच्यासाठी नवा, नागपूरच्या कोणाकडून वापरलेला घेतलेला. गावासमोर तलावाची पाळ, पाळीखाली धुण्याचा दगड, आणि पलीकडे एका ओळीत अख्खी मोहबोडी, कौलं, मोहाची दोन झाडं, मारुतीचं देऊळ. जागा तर अशी की डोळे मिटून बटण दाबावं. पण पाणी थरथरत होतं. खाणवाल्यांनी तलाव उपसायला तीन पंप बसवले होते आणि ते एक मिनिट बंद होत नव्हते. पाण्यावर सारख्या बारीक लाटा. त्या लाटांत गाव कसं दिसणार? कौलांचे तुकडे, झाडाचे तुकडे, देवळाचा पांढरा डाग इकडून तिकडे हलतो आहे. जमीलानं साठ फोटो काढले आणि साठही पुसून टाकले. पंपावरच्या माणसाला तिनं हात जोडून म्हटलं, दहा मिनिटं बंद करा. तो म्हणाला, मी फक्त डिझेल टाकतो बाई, बंद करायची चावी साहेबाकडे आहे. साहेब कुठे, तर चंद्रपूरला.

संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसली, हट्टानं. आणि अंधारून यायला लागलं तेव्हा तिला एक गोष्ट सापडली. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची लेन्स आठ सेकंद उघडी ठेवावी लागली. त्या आठ सेकंदांत सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून गेल्या आणि पाणी कसं, पितळेच्या परातीसारखं गुळगुळीत आलं! पण गाव मात्र काळंठिक्कर. म्हणजे हवं ते असं होतं: सकाळचा चांगला उजेड, आणि तरी आठ सेकंद लेन्स उघडी. दिवसाउजेडी आठ सेकंद उघडी ठेवली तर फोटो पांढराफटक होतो. त्यासाठी लेन्सपुढे काळी काच लावतात, उजेड अडवणारी. तिच्याकडे ती नव्हती. भद्रावतीत कोणाकडेच नव्हती.

आणि पाणी रोज हातभर उतरत होतं. गुणाबाईनं सांगितलं होतं, सतरा डिसेंबरला ट्रॅक्टर येणार, त्याच दिवशी गाव हलणार आणि संध्याकाळी पाळ फोडणार. हातात बारा दिवस होते. त्यातले पाच दिवस लग्नांत गेले, कारण लग्नं काही मोहबोडीसाठी थांबत नाहीत. सहाव्या दिवशी ती नागपूरला निघाली. गफ्फार सोबत निघाला.

“मी एकटी जाते,” ती म्हणाली.

“एवढी महागाची वस्तू घ्याची अन् तू एकटी जाशील?” गफ्फार म्हणाला. एक लक्षात घ्या, तो वाईट माणूस नव्हता. मोबाईल आल्यापासून मनगटावरची घड्याळं उतरली होती, दुकानात दिवसचे दिवस कोणी फिरकत नव्हतं, आणि बायकोच्या कमाईवर घर चालतं हे त्याला बोचत होतं. म्हणून जिथे जाईल तिथे तो पुढे होऊन बोलायचा. कारण समजतं हो, पण म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे!

नागपुरात बर्डीवरच्या एका गल्लीत कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदारानं दोन डब्या काढून काउंटरवर ठेवल्या, आणि गफ्फारकडे बघून बोलायला लागला. जमीलाच्या गळ्यात कॅमेरा लटकतो आहे, विचारते आहे ती, आणि हा बाबा उत्तर गफ्फारला देतो आहे.

“देखो भाई, ये पहला. इसमें काला काच और पोलरायझर, वो चमक मारनेवाला काच, दोनों जोड के एक. अंधेरा एक ही, फिक्स. और ये दूसरा, व्हेरिएबल. रिंग घुमाओ, अंधेरा कम-जादा. एक में सात काच का काम.”

“मला पाणी गुळगुळीत पाहिजे,” जमीला म्हणाली, “पण पाण्यात दिसणारी घरं जायला नको. कोणत्यानं राहतील?”

दुकानदार गफ्फारला म्हणाला, “भाभीजी को बोलो, दोनों में पोलरायझर का ही काच है. पानी के वास्ते एकदम बेस्ट.”

हे काय उत्तर झालं? तिनं विचारलं काय, आणि हा सांगतो काय! पण जमीला अशी सोडणारी नव्हती. काउंटरची काच चकचकीत होती आणि तिच्यात वरची ट्यूबलाइट दिसत होती, पाण्यात गाव दिसतं तशीच. तिनं पहिली, जोडकाच, डोळ्यासमोर धरून फिरवली. ट्यूब गेली. आणखी फिरवली, ट्यूब परत आली. अंधार तेवढाच. मग दुसरी, फिरती काच, धरली आणि तिची पुढची रिंग फिरवली. उजेड होता तोवर ट्यूब दिसत होती. अंधार वाढत गेला तशी ट्यूबही विझत गेली. रिंग एकच होती, तिनं अंधार बदलला की चमकही बदलत होती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करायची सोय त्या काचेत नव्हती.

एवढं तिला तिथेच, त्या काउंटरवर, स्वतःच्या डोळ्यांनी कळलं. कोणी शिकवलं नाही.

“ही नको. ती पहिली घेऊ,” ती हळूच म्हणाली.

“अवो, ते एकच काम करते,” गफ्फार म्हणाला. “हे सात करते. फिरती वस्तू हाय, अन् फिरत्या वस्तूतलं मले नाई समजणार तं कोणाले समजणार? तीस वर्स घड्याळं खोलली मी.”

“पण मी पाह्यलं...”

“घेऊन घे म्हणतो नं!”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार हसत होता. आणि जमीला गप्प बसली. चार माणसांत नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा नाही, हे तिच्या अंगात असं भिनलेलं होतं की जीभ वळवळली आणि टाळूलाच चिकटली. अगं बाई, तेव्हा तोंड उघडायचं होतंस की! शंभर लग्नांत शंभर दिरा-सासऱ्यांना ‘बाजूला व्हा, उजेड अडवता तुम्ही’ म्हणून ओरडलीस, आणि नेमकी तिथे मुकी झालीस! दोन्ही काचा घ्यायची ऐपत नव्हती. फिरती काच पिशवीत गेली.

 परतीच्या बसनं बुटीबोरी सोडल्यावर गफ्फारनं काच बाहेर काढली आणि कौतुकानं फिरवत बसला. जमीला खिडकीबाहेर बघत होती. तिला गफ्फारचा राग आला नव्हता तेवढा स्वतःचा आला होता, आणि स्वतःवरचा राग काढायला जागा नसते म्हणून तो आत नुसता धुमसत राहतो.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना गफ्फारनं काच लेन्सवर बसवली. एस.टी.च्या धक्क्यानं निसटून पडेल, या काळजीनं त्यानं ती घड्याळाचं मागचं झाकण आवळायच्या तीन दातांच्या पकडीनं आवळली. घड्याळवाल्याला ढिला आटा म्हणजे पाप. दुसरा कोणी असता तर हातानं फिरवून सोडून दिली असती. यानं ती अशी बसवली की जणू आत पाणी जाऊ द्यायचं नाही.

जमीला मोहबोडीला पोचली. पाणी निम्म्यावर आलं होतं. तिनं स्टँड लावला, रिंग अंधाराकडे फिरवली, आठ सेकंद मोजले. पाणी गुळगुळीत आलं. आणि त्या गुळगुळीत पाण्यात काय दिसलं? तळ. चिखल, शेवाळ, फुटक्या मडक्याचा काठ. गाव नव्हतं. किनाऱ्यावर मोहबोडी ठणठणीत उभी आणि खाली पाण्यात नुसता गाळ! रिंग उलटी फिरवली, गाव आलं, पण उजेड वाढला, लेन्स आठ सेकंद उघडी ठेवता येईना आणि लाटा परत आल्या. अंधार केला की गाव जायचं, गाव आणलं की लाटा यायच्या. तीन तास हेच. दुकानातल्या काउंटरवर जे दिसलं होतं तेच, अगदी तसंच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

गुणाबाई धुण्याच्या दगडापाशी उभी राहून बघत होती. “निंगलं का, बाई?” तिनं विचारलं.

“नाही,” जमीला म्हणाली. “माझ्या मूर्खपणानं नाही निघालं.”

काच काढून टाकावी म्हणून तिनं जोर लावला, तर काच हलेना. साडीच्या पदरानं पकडून फिरवली, दातओठ खाल्ले, बोटं सोलली. काच लेन्सची झाली होती.

त्या दिवशी प्लायवूडच्या भिंतीपलीकडून गल्लीनं जी मराठी ऐकली ती अजून निघते गोष्टीत. “तुम्हाले इचारलं होतं कोणी? आँ? मी पाह्यलं होतं माह्या डोळ्यानं! मी सांगत होती! त्या माणसानं तुमच्याकडे पाहून बोललं अन् तुम्ही लागले माना हलवाले! अन् वरून हे आवळून ठेवलं! घड्याळ हाय का हे?”  गफ्फारनं पकड घेऊन काच सोडवायचा प्रयत्न केला. आटे तिरपे बसले होते. पकड घसरली आणि कडेवर ओरखडा उमटला. लेन्स फुटेल म्हणून त्यानं हात काढून घेतला आणि खाली मान घालून बसला. “मले समजलं नाई तिथी,” तो शेवटी म्हणाला. “पण मले समजलं नाई, असं म्हणता येत नाई मले.” जमीलानं ऐकलं. तिला कीव आली, पण राग गेला नाही. कीव आणि राग दोन्ही एकाच वेळी असू शकतात, लग्न झालेल्या कोणालाही विचारा.

नागपूरला पुन्हा जायला ना दिवस होते ना ऐपत. दुसरी लेन्स नव्हती. मधले चार दिवस लग्नांत गेले, आणि उजाडला सतरा डिसेंबर.

पहिल्या बसनं ती गेली. गफ्फार न विचारता मागे येऊन बसला, स्टँड मांडीवर घेऊन. मोहबोडीत ट्रॅक्टर लागले होते. सगळं गाव घरांसमोरच्या वाटेवर. पेट्या, खाटा, कोठ्या, कोंबड्या, चुलीसुद्धा उचलून नेत होते. देवराव पाटील ओरडत होता, रुखमा डोक्यावर हंडे घेऊन फेऱ्या मारत होती, म्हातारी बुधरी शेळीला ओढत होती. तलावात पाणी उरलं होतं ते मधोमध, पण पाळीवरून बघितलं तर गाव अजून त्यात मावत होतं, कसंबसं.

जमीलानं पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तेच झालं. अंधार आणि गाळ. तिनं रिंगवर हात आपटला. आणि मग ती थांबली. दुकानात जोडकाच तिनं अख्खीच फिरवली होती, आणि ट्यूब गेली होती तशी परत आली होती. या फिरत्या काचेची रिंग एकटी फिरली की अंधार बदलतो. पण रिंग, काच, लेन्स, कॅमेरा, सगळं एकत्र फिरलं तर? अंधार आहे तेवढाच राहील आणि काच मात्र आडवीची उभी होईल!

“कॅमेरा उभा करा,” ती गफ्फारला म्हणाली. “आडवा लावलाय तो उभा करा. रिंगले हात लावू नका.”

गफ्फारनं स्टँडचं डोकं वळवलं. घड्याळवाल्याचे हात, एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. तिनं बटण दाबलं, आठ मोजले, आणि डोक्यावरून पदर घेऊन मागच्या छोट्या पडद्यात पाहिलं. गुळगुळीत पाणी. आणि पाण्यात कौलं! देवळाचा कळस खाली, मोहाचं झाड खाली, स्पष्ट, शांत!

“आलं!” ती ओरडली. “आलं वो गुणाबाई!”

पण उभ्या फोटोत चारच घरं मावत होती. मग तिनं लग्नाच्या अल्बमवाली अक्कल वापरली. डावीकडून सुरुवात करून तुकड्या-तुकड्यानं गाव काढायचं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडायचं. सहा उभे तुकडे. प्रत्येकाला आठ सेकंद. गफ्फार कॅमेरा बोटभर-बोटभर सरकवत होता आणि ती मोजत होती. समोर गाव घाई करत होतं. गुणाबाईचा आवाज पाण्यावरून इकडे येत होता. ती फोटो सोडून घराकडे पळाली होती, कारण तिचा नवरा मुखरू सकाळपासून ओट्यावर बसला होता तो उठायला तयार नव्हता. “अजी, उठा नं आता! ट्रॅक्टरवाला बोंबलून राह्यला! सप्पा गाव निंगालं, तुमीच काऊन मातीच्या ढेकळावाणी बसले?” मुखरू हलत नव्हता. खाट त्याच्या मागून नेली, दार त्याच्या मागून काढून नेलं, तरी नाही. शेवटी दोन पुतण्यांनी धरून उठवलं. तोवर सहाही तुकडे काढून झाले होते.

संध्याकाळी पाळ फुटली. ते बघायला जमीला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तुकडे जोडले. शिवण कुठे दिसत नव्हती. लांबलचक मोहबोडी वर, आणि तशीच लांबलचक मोहबोडी खाली पाण्यात. एवढा चांगला फोटो तिनं आयुष्यात काढला नव्हता. गफ्फार मागे उभा राहून बघत होता. आणि बघता बघता जमीलाची नजर घरांसमोरच्या वाटेवर गेली.

फोटोत माणसं नव्हती.

वाटेवर त्या दिवशी सगळं गाव होतं. पण लेन्स आठ सेकंद उघडी. त्यात लाटा पुसल्या गेल्या तशी चालणारी, वाकणारी, ओझी उचलणारी माणसंही पुसली गेली. रुखमाच्या जागी थोडा धूर दिसत होता. ट्रॅक्टर उभे होते, कारण ते हलले नव्हते. बाकी वाट रिकामी. पाण्याच्या नादात ती हे विसरली होती, पंधरा वर्षं माणसांचेच फोटो काढणारी बाई! तिनं टेबलावर डोकं आपटलं. आता परत कुठे जायचं? ना तलाव, ना गाव. हा असा आहे तसाच द्यायचा.

तिनं तो मोठा छापला आणि वसाहतीत नेला. घर नंबर सत्तावीस. भिंतींना चुन्याचा वास. गुणाबाईनं फोटो जमिनीवर पसरला, दोन टोकांना दोन वाट्या ठेवल्या आणि बोटानं वाचायला लागली.

“हे देवरावचं. इथी तो ओरडत होता नं? दिसत नाई. हे रुखमाचं... रुखमा कुठी गेली? बुधरी इथी शेळी घेऊन...” बोट सरकत होतं आणि आवाज बारीक होत होता. “घरं हायेत सप्पा. पाण्यात बी हायेत. माणसं कुठी गेले, बाई?”

जमीलानं सांगितलं. कसं झालं, का झालं, आणि चूक माझी आहे, हेही. गुणाबाई ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिचं बोट सहाव्या तुकड्यात एका ओट्यावर थांबलं होतं. तिथे मुखरू बसला होता, गुडघ्यांना मिठी मारून. मुंडासं, मिशा, सगळं साफ. आणि खाली पाण्यात तसाच, उलटा. त्या सकाळी अख्ख्या मोहबोडीत तो एकटाच हलला नव्हता.

“अजी,” गुणाबाईनं आत हाक मारली.  “इकडे या नं जरा. पाहा, तुमी एकटेच राह्यले मांगं.”

मुखरू बाहेर आला. वाकून, डोळे बारीक करून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं, जमीलाकडे पाहिलं.

“मी तं तिथीच हावो,” तो म्हणाला. “मंग मले इथी काऊन आणलं?”